ब्रेझियाक अपयशी नव्हते

भारतातले पद अर्ध्यावर सोडलेले, आफ्रिकेत जेमतेम सहा आठवडे जगलेले बिशप, अशी मेल्कियोर द मारियों-ब्रेझियाक यांची बोळवण करणे फार सोपे आहे. १४ मे १८५९ रोजी ते सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला उतरले. गावात पीतज्वराची साथ होती. २५ जूनला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. बहुतेक सहकारीही दगावले. पण मरणाच्या तारखेवरून आयुष्याचा निकाल लावणे मला मान्य नाही.

१८४२ मध्ये ते फ्रान्सहून पाँडिचेरीला आले. तिथले धर्मगुरू घडवणारे विद्यालय (सेमिनरी) सांभाळले, पुढे कोइंबतूरचे बिशप झाले. देशी धर्मगुरू घडवायचे आणि कारभार त्यांच्या हाती सोपवायचा, हा त्यांचा ध्यास. देशी माणूस अजून तयार नाही, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. जबाबदारी द्यायची नाही आणि वर अपात्र ठरवायचे, हा कुठला न्याय? हे दुखणे जुनेच. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे देशी धर्मगुरू मातेउश द कास्त्रु १६३७ मध्ये बिशप झाले ते रोममुळे. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना विरोधच केला.

ब्रेझियाक पळून गेले, हा आरोपही टिकत नाही. ख्रिस्ती समाजातल्या जातिरिवाजांना किती मुभा द्यावी, या वादात त्यांची सदसद्विवेकबुद्धी पोळत होती. रोमकडून त्यांना स्पष्ट निर्णय हवा होता. तो मिळेना, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मात्र त्यांना जातिनिर्मूलक वीर ठरवणारे भक्तही चुकतात. ते संभ्रमात होते, आणि त्या संभ्रमावर पांघरूण घालून बिशपपद उपभोगणे त्यांनी नाकारले. याला मी धैर्य म्हणतो.

उरला साम्राज्याच्या हस्तकाचा आक्षेप. फ्रीटाउन ब्रिटिश वसाहत होती, मिशनरी वसाहतींच्याच वाटांनी गेले, हे खरेच आहे. पण ८ डिसेंबर १८५६ रोजी लियोंमध्ये स्थापलेल्या त्यांच्या आफ्रिकी मिशन संस्थेसमोर सुरुवातीपासून स्थानिक धर्मगुरू घडवण्याचे ध्येय होते. आपली जागा घेणारी माणसे स्वतःच घडवायला निघालेला हस्तक मला तरी इतिहासात दिसत नाही.

संस्थापक गेल्यावर त्यांचे सहकारी ऑगस्टिन प्लांक यांनी संस्था मोडू दिली नाही; १८६१ मध्ये तिचे धर्मगुरू पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेला पोहोचले. आज तिच्यात आफ्रिकी आणि भारतीय धर्मगुरू काम करतात.