ट्रेल लपवून काय मिळवलंस?

‘नशीबच फुटकं यार!’ वागळे इस्टेटमधल्या आमच्या खोलीत हे दर शुक्रवारी रात्री ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं.

आम्ही पोकर चिंचोक्यांवर खेळतो. आधी ॲपवर पैसे लावून खेळायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि आमच्यातल्या दोघांचा पगार महिनाअखेरपर्यंत टिकू लागला. ॲप गेलं, पण खोड राहिली.

परवाचा डाव बघा. मित्राच्या हातात दोन नव्व्या. पटावर किलवरची नव्वी, बदामचा राजा, बदामची चव्वी. म्हणजे नव्व्यांचा ट्रेल! पठ्ठ्या गप्प. ‘चेक.’ चौथं पान इस्पिकची दुर्री, पुन्हा ‘चेक’. पाचवं पान बदामचा गुलाम. समोरच्याने सगळे चिंचोके पुढे सरकवले, याने हसत कॉल दिला. समोर निघाले बदामचा एक्का आणि सत्ती. कलर. मग नशिबाच्या नावाने बोंबाबोंब.

नशिबाचा काय संबंध? आपण सगळे गणपतीच्या जागरणात तीन पत्ती शिकलो. तिथे ट्रेल म्हणजे देव. २२,१०० शक्यतांत ट्रेल ५२ आणि साधा कलर १,०९६. पोकरच्या पाच पानांत हे उलटतं: तीन सारखी पानं ५४,९१२ प्रकारे लागतात, कलर फक्त ५,१०८ प्रकारे. म्हणून तिथे कलर वरचढ. हे सगळ्यांना पाठ असतं. पण खरा फरक वेगळाच आहे. तीन पत्तीत पानं एकदा वाटली की बदलत नाहीत. ट्रेल तासभर लपवला तरी तो ट्रेलच. पोकरमध्ये अजून दोन पानं यायची असतात. लपवणं म्हणजे समोरच्याला ती फुकट दाखवणं.

त्याला न दिसलेल्या ४७ पानांत बदाम ९. पुढच्याच पानावर बदाम येण्याची शक्यता पाचात जेमतेम एक, दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. पॉटमध्ये १०० चिंचोके असताना ७५ लावले असते, तर त्याला १७५ साठी ७५ मोजावे लागले असते. तोट्याचा सौदा. तरी आला असता तर येऊ दे की! आपण त्याला फुकट बोलावलं, राग त्याचा आहे.

आता दुसरं टोक. एकदा भाजलेले लोक पहिल्या तीन पानांत तीन बदाम दिसले की ट्रेल असूनही पॅक करतात. हाही भित्रेपणाच. तुमच्याकडे बदाम नसेल, तर कुठल्याही एका खेळाडूच्या हातात दोन बदाम असण्याची शक्यता साधारण २४ मध्ये एक. पाच जण समोर असतील तर पाचात एक. शिवाय पटावर जोडी पडली की ट्रेलचा फुल हाउस होतो, आणि तो कलरला मारतो. पहिल्या तीन पानांनंतर ही संधी तीनात एक असते. चौथा बदाम पडला, जोडी नाही आणि समोरून मोठी बोली आली, तर मात्र खुशाल टाका. तिथे एक बदामही पुरतो.

हे सगळं त्याला कागदावर मांडून दाखवलं. मान डोलावली. मागच्या शुक्रवारी पटावर दोन किलवर होते आणि त्याचा चेहरा सांगत होता की ट्रेल लागलाय. ‘चेक,’ म्हणाला, आणि शेजारच्याला डोळा मारला. माझ्या हातात दोन किलवर होते.