सोडत कॉम्प्युटरची, पण डब्यात चिठ्ठ्या किती?

बासर स्टेशनवर नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात धर्माबाद येतं. भाषा तीच, सोयरीक तीच, सोयाबीनचा भाव विचारायची पद्धतसुद्धा तीच. पण दोन्हीकडच्या दोन चुलतभावांच्या घरी सहा वर्षांचं लेकरू असेल, तर फरक लगेच कळतो. तिकडचा भाऊ मोबाईलवर मेसेजची वाट बघत असतो: लॉटरीत नंबर लागला का? इकडच्या भावाकडं वाट बघण्यासारखं फार काही नसतं.

मित्रांनो, आज बोलायचंय ते या लॉटरीबद्दल. आपल्या निर्मल जिल्ह्यातल्या भैंसा, मुधोळ, बासर, तानूर, कुबीर भागातल्या मराठी घरांना हा विषय परका वाटतो, कारण ती लॉटरी तिकडची. पण ज्या कायद्यातून ती आली तो कायदा केंद्राचा आहे, म्हणजे आपलाही आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 12(1)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेनं प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत मोफत शिकवायचं आणि ठरलेला खर्च सरकारनं शाळेला द्यायचा. शाळाचालक कोर्टात गेले. 12 एप्रिल 2012 ला सुप्रीम कोर्टानं हे कलम कायम ठेवलं. सूट मिळाली ती विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना.

मग लॉटरी कशाला? याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी डोनेशन घेता येत नाही, आणि मुलाची किंवा आईबापाची मुलाखत-परीक्षा घेऊन निवड करता येत नाही. निवड म्हणजे काय याच्या व्याख्येत कायद्यानं एकच पद्धत वगळली आहे: यादृच्छिक, म्हणजे साध्या भाषेत चिठ्ठी टाकून. सहा वर्षांच्या लेकराची हुशारी मोजायची नाही, बापाची ओळख बघायची नाही, आईला इंग्रजी येतं का विचारायचं नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठी. माझ्या मते हे तत्त्व बरोबर आहे. ज्या घरात शाळेच्या ऑफिसात पाऊल टाकायलाही भीती वाटते, त्या घरासाठी चिठ्ठी हा मोठा आधार आहे.

महाराष्ट्रात हे काम ऑनलाइन चालतं. पालक पोर्टलवर अर्ज भरतात, नकाशावर घराची खूण लावतात, दहापर्यंत शाळा निवडतात. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, ओबीसी यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. मग सगळ्या राज्याची सोडत पुण्यातून एकदम निघते. काही वर्षी तर लोकांसमोर लहान मुलांच्या हातून अंकांच्या चिठ्ठ्या काढून तेच अंक कॉम्प्युटरमध्ये भरले गेले.

तरी पालक नाराज का असतात? सीमेपलीकडच्या नातेवाइकांशी बोललं की फिरून फिरून तीन तक्रारी ऐकू येतात. पहिली, कॉम्प्युटरच्या आत काय झालं ते दिसत नाही. शेजाऱ्याच्या पोराचं नाव लागतं, आपल्या पोराचं नाही, आणि कारण सांगायला समोर माणूस नसतो. दुसरी, घराच्या खुणेची. खूण जराशी सरकली तर घर एक किलोमीटरच्या आतलं की बाहेरचं हे बदलतं, आणि फॉर्म तर कॅफेवाल्यानं भरलेला असतो. तिसरी, नंबर लागल्यावरची: शाळा गणवेश, पुस्तकं, बस यांचे पैसे मागते, आणि आठवीनंतर पूर्ण फी कुठून आणायची हा प्रश्न तर उभाच.

या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यातली एकच कॉम्प्युटरची आहे. आणि तीही मिटू शकते. प्रत्येक शाळेचे अर्ज किती, जागा किती, कुणाचा क्रम कितवा, प्रतीक्षा यादीत कोण, हे सगळं शाळेच्या दाराबाहेर लावलं तर निम्मा संशय तिथंच संपतो.

मोठी गोष्ट आकड्यांची आहे. 2023 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 3 लाख 64 हजार अर्ज आले आणि सोडतीत साधारण 94,700 मुलांची निवड झाली. 2025 मध्ये सुमारे 3 लाख 5 हजार अर्ज, जागा 1 लाख 9 हजार, निवड जवळपास 1 लाख 2 हजार. म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा तिघांतल्या दोघांच्या हाती काही नाही. आणि गंमत बघा, दोन लाख अर्ज रिकाम्या हाती परतले तरी सात हजारांच्या आसपास जागा सोडतीत भरल्याच नाहीत. कारण सगळ्यांना शहरातल्या त्याच चार शाळा हव्या असतात. सॉफ्टवेअर कितीही प्रामाणिक असलं तरी ते जागा वाढवू शकत नाही आणि वाईट शाळा चांगलीही करू शकत नाही.

डब्यात कुठल्या चिठ्ठ्या टाकायच्या, हे सरकार ठरवतं. महाराष्ट्र सरकारनं 9 फेब्रुवारी 2024 ला नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. एका अधिसूचनेनं बहुतेक इंग्रजी शाळा यादीतून गायब झाल्या. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, मे महिन्यात स्थगिती मिळाली, आणि 19 जुलै 2024 ला मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. कर्नाटकनं साधारण असाच नियम 2019 पासून केला आणि तिथं तो लागू राहिला. बेळगाव-खानापूरच्या आपल्या मराठी मित्रांना याचा अर्थ वेगळा समजावायला नको.

आता आपल्याकडं या. तेलंगणात ही 25 टक्क्यांची तरतूद वर्षानुवर्षं कागदावरच राहिली. आधी एकत्र आंध्रात, मग 2014 नंतर नव्या राज्यात. हायकोर्टात याचिका झाल्या, सरकारला उत्तरं द्यावी लागली. शेजारच्या आंध्र प्रदेशानं 2022-23 पासून अर्ज आणि सोडत सुरू केली. आपण मात्र सोडत चांगली की वाईट हे बोलायच्या पायरीवरही फार काळ पोचलो नाही.

आपल्याकडं सोडत आहे ती दुसरी: बेस्ट अव्हेलेबल स्कूल योजना. अनुसूचित जाती आणि जमातीच्या गरीब घरांतली मुलं सरकारी खर्चानं निवडक खासगी शाळांत. जिल्ह्याच्या वाट्याला मोजक्या जागा येतात आणि अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली लकी डिप निघतो. इथं चिठ्ठी निदान डोळ्यांसमोर निघते, हे बरं. पण 2025 मध्ये सरकारची थकबाकी इतकी साचली की राज्यात काही शाळांनी या मुलांना वर्गात घ्यायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या. नंबर लागलेल्या लेकराला पुन्हा दारात उभं करायचं, ही कसली सोडत?

आणि या योजनेत मराठी घरांपैकी किती बसतात? बंजारा समाजाचं उदाहरण घ्या. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत. किनवटकडचा बंजारा मुलगा 25 टक्क्यांच्या लॉटरीत जातो, निर्मलकडचा लकी डिपमध्ये. दोघांना काहीतरी दार आहे. पण मराठी बोलणारा इथला ओबीसी शेतमजूर? तिकडं असता तर त्याचं लेकरू वंचित गटात धरलं गेलं असतं. इकडं पहिलीसाठी त्याच्या नावाची चिठ्ठीच नाही. म्हणून काही जण धर्माबाद-भोकरच्या बहिणीचा पत्ता लावायचा विचार करतात. तिथं रहिवासाचा पुरावा आणि नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि खोटं निघालं तर प्रवेश जातो. या आईबापांना लबाड म्हणणं सोपं आहे. पण हक्काचा दरवाजा बंद ठेवल्यावर लोक खिडकी शोधणारच.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्या सीमाभागाच्या चर्चेत आपण टाळतो. ही सगळी धडपड इंग्रजी शाळेसाठी आहे. आपल्या मराठी शाळेतून एकेक लेकरू बाहेर पडतं तेव्हा मागं काय राहतं? भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात 1949 पासून एक निकष मान्य आहे: शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं असतील तर मातृभाषेतून शिकवायची सोय करायची. राज्यघटनेचं कलम 350 क तेच सांगतं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. वर्गात बाराच मुलं असतील आणि तीन गेली, तर सोडतीत नंबर लागला तिघांचा आणि वर्गाचा हक्क डळमळला उरलेल्या नऊ जणांचा.

याचा दोष आईबापांना देऊ नका. मराठी शाळेत शिक्षक पुरेसे असते, तेलुगू-इंग्रजी नीट शिकवलं जात असतं, दहावीनंतरचा रस्ता दिसत असता, तर कुणी लॉटरीच्या मागं धावलं नसतं.

दक्षिण कोरियाचं बघा. 1969 मध्ये सोलमध्ये माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा बंद केली आणि मुलांना सोडतीनं शाळा वाटायला सुरुवात झाली. श्रीमंताचं पोरगंही त्याच सोडतीत. कुठलीही शाळा आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ शकते म्हटल्यावर सगळ्या शाळा बऱ्या असाव्यात ही गरज सगळ्यांचीच होते. आपल्याकडं सोडत फक्त गरिबाच्या वाट्याची, त्यामुळं उरलेल्या शाळांची काळजी करणारा आवाजही गरिबाचाच राहतो.

सरकारला मनावर घ्यायचं असेल तर ते काय करतं, हेही सीमेवरच दिसतं. जिवती तालुक्यातल्या त्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही दावा सांगतात. तिथं लोकांकडं दोन्हीकडची रेशनकार्डं आहेत आणि मराठी-तेलुगू अशा दोन्ही सरकारच्या शाळा आहेत. आपल्यावर असा दावा सांगायला कुणी भांडत नाही, म्हणून आपल्याला स्वतःच मागावं लागेल.

तर काय करायचं? कॉलेजात असलेल्या आपल्या पोरांनी चार कामं करता येतील.

पहिलं, माहितीचा अधिकार वापरून निर्मलच्या जिल्हा कार्यालयाकडं विचारा: मागच्या तीन वर्षांत लकी डिपसाठी मंडलनिहाय अर्ज किती, जागा किती, शाळांची थकबाकी किती. दुसरं, सोडतीची सूचना मराठीतही लावायची मागणी करा. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे अल्पसंख्याकांच्या संरक्षणात मान्य झालेलं आहे. तिसरं, 25 टक्क्यांची तरतूद इथं पूर्ण लागू व्हावी म्हणून ग्रामसभेत ठराव आणा. चौथं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आपल्या गावच्या मराठी वर्गाचा पट मोजा. दहाच्या खाली कुठला वर्ग आलाय, शिक्षकाची जागा कधीपासून रिकामी आहे, हे लिहून काढा.

जूनमध्ये शाळा उघडतात. त्याच्या आत आपापल्या गावचा आकडा कॉमेंटमध्ये टाका: गावाचं नाव, मराठी वर्ग, मुलं किती, शिक्षक किती. मुलांची नावं नकोत. यादी झाली की तीच घेऊन कलेक्टर ऑफिसला जाऊ.