किडीचें छायाचित्र आणि शेतकरी

पिकावर कीड दिसतांच पंप पाठीस लावावयाचा, ही रीत आम्हां लोकांत फार रुजली आहे. कीड कोणती, शत्रु कीं मित्र, ही चौकशी मागाहून. कित्येकदां तीहि नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं किडीचें स्वच्छ छायाचित्र घेऊन तें जाणत्यास दाखवावें. लग्नकार्यासाठीं घेतलेला व आतां कपाटांत पडून असलेला खिशांतला साधा कॅमेरा या कामास पुरतो.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचें उदाहरण घ्या. ती भारतांत प्रथम आढळली सन २०१८ मध्यें. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी आकृति असते व शेवटून दुसऱ्या वळ्यावर चौकोनांत चार काळे ठिपके असतात. छायाचित्रांत या खुणा न उमटतां नुसता तपकिरी दोरीचा तुकडा दिसला, तर तज्ज्ञानें तरी काय सांगावें? सातबाऱ्याच्या नकला देण्यांत आमची हयात गेली. अस्सलाबरहुकूम नसलेली नक्कल कज्ज्यांत कामास येत नाहीं. येथेंहि तोच न्याय.

कॅमेऱ्यावर फुलाचें चिन्ह असतें, तें लावावें. म्हणजे भिंग किडीपासून चार बोटांवर नेलें तरी चालतें. झूम मात्र ताणूं नये. ताणल्यास बहुतेक साध्या कॅमेऱ्यांस इतक्या जवळचें स्पष्ट दिसत नाहीं. बटण अर्धें दाबून थांबावें, चित्र स्थिर झालें कीं पुरतें दाबावें. इतक्या जवळून फार थोडी जाडी स्पष्ट येते, म्हणून कॅमेरा अळीच्या अंगाशीं समांतर धरावा. सकाळच्या गारव्यांत किडे सुस्त असतात, ती वेळ उत्तम. शेजारीं एक रुपयाचें नाणें ठेवावें, म्हणजे आकार कळतो.

कोणी म्हणेल, हे शहरी चोचले! पण ढालकिड्याची काळपट, काटेरी अळी पाहून किती जण तिला कीड समजून मारतात! ती बिचारी मावा खाते. ती मेली कीं मावा निर्धास्त वाढतो. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. जी फवारणी टाळतां येते ती टाळणें हें घरच्या माणसांचेंच रक्षण होय.

छायाचित्रासोबत तारीख, पीक, पेरणीचा दिवस व गट नंबर वहींत टिपून ठेवावा. पुढील हंगामांत कीड केव्हां येईल, याचा अंदाज बांधण्यास ती वही उपयोगी पडते.