चांगली व्हिस्की, बेताचा खिसा

शुक्रवारची संध्याकाळ. बिल्ड एकदाचं पास झालेलं, मॅनेजर गायब, वीकांत समोर आणि मी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपच्या जाळीसमोर. (नाव वाइन शॉप, तिथे वाइन घेताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही!) मागे दहा जणांची ढकलाढकली, आतून "बोला साहेब", आणि आपल्याकडे चार सेकंद. फोन घ्यायचा तर आपण पंधरा दिवस स्पेसिफिकेशन्स वाचतो, आणि इथे? शेवटची जाहिरात आठवते ती बाटली. च्यायला, इंजिनीअर म्हणवतो आपण स्वतःला!

तर मंडळी, आजचा विषय अपेयपान. न पिणाऱ्यांनी लेख चकणा समजून चघळावा :-)

पहिला नियम: लेबल वाचा. स्कॉच म्हणजे धान्यापासून बनलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेकदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं, चवीपुरता माल्ट. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. मधली पायरी रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइडची: धान्याचं स्पिरिट आणि आयात केलेला स्कॉच माल्ट.

त्याच्या वरच्या पायरीवर माझ्यासारख्यांची खरी सोय आहे: स्कॉटलंडमध्ये मुरलेली आणि भारतात बाटलीबंद झालेली स्कॉच. टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ ही त्यातली मंडळी. माल घाऊक येतो, बाटली आणि खोका इथला, त्यामुळे आयातमूल्य कमी आणि त्यावरची ड्यूटीही कमी. "इथे भरलेली म्हणजे डुप्लिकेट" म्हणणारा एक काका प्रत्येक पार्टीत असतो. त्याला चकण्याची प्लेट द्यावी आणि पुढे जावं. उलट इथे ती ४२.८ टक्क्यांची मिळते. स्कॉचची किमान अट ४० ची आहे.

दुसरा नियम: वय आणि रंग यांना भुलू नका. लेबलवरचं वय त्या मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. आणि स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, तर बंगलोरच्या उकाड्यात १० टक्क्यांच्या वर. इथे मुरण्याचा वेगच वेगळा, त्यामुळे 'अमृत' किंवा गोव्याचा 'पॉल जॉन' बारा वर्षांचे नसले तरी काही बिघडत नाही. रंगाचं म्हणाल, तर स्कॉचमध्येही कॅरॅमल घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे भारी हे चहापुरतं ठीक.

तिसरा नियम: आपण कशी पितो ते प्रामाणिकपणे ठरवा. आमच्या फ्लॅटवर एकदा पाच जणांची चाचणी घेतली, ग्लासांवर फक्त नंबर. कोला आणि बर्फ घातल्यावर स्कॉच कुठली आणि देशी कुठली, हे एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही. साध्या पाण्यासोबत, बर्फाशिवाय, चौघांनी बरोबर ओळखली. म्हणजे कोलाच घालणार असाल तर स्कॉचवर पैसे उधळू नका. आणि नवीन ब्रँडचा थेट खंबा कशाला? आधी क्वार्टर घेऊन टेस्टिंग करा. प्रॉडक्शनला नंतर जाऊ.

आता मुद्द्याचं. बजेट बाटलीचं ठरवू नका, महिन्याचं ठरवा. हे मी एका जुन्या रूममेटकडून शिकलो. रोज एक क्वार्टर, स्वस्तातली. "कितीशी पडते रे?" हे त्याचं पालुपद. एकदा गंमत म्हणून एक्सेलमध्ये बेरीज केली: तीस क्वार्टर म्हणजे ५ लिटर ४०० मिली. महिन्याला सात खंबे आणि वर थोडी. मी हसत स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो हसला नाही. दोन आठवडे आमचं बोलणं बंद. मला जास्त लागलं ते वेगळंच: त्यातल्या निम्म्या संध्याकाळी समोर मीच बसलेलो असायचो. आता तो फक्त सोडा पितो. श्रेय डॉक्टरांचं, माझ्या एक्सेलचं नाही.

तेव्हापासून माझा हिशोब असा: महिन्याला दोन हजार, जे मिळेल ते. पैसे तेवढेच ठेवून दर्जा वाढवला की प्रमाण आपोआप उतरतं. स्वस्त दारूचा खरा तोटा चव नाही. ती संपल्याचं वाईट वाटत नाही, हा तोटा. चांगली बाटली कपाटात महिनाभर टिकते, कारण ती ओतताना हात जरा जपून चालतो.

जाता जाता: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ आणि परवाना लागतो, आणि गोव्याहून परवान्याशिवाय बाटल्या आणणं हा गुन्हा आहे, "सगळेच आणतात" तरीही. ब्रिटनशी २०२५ मध्ये सही झालेल्या करारात स्कॉचवरची १५० टक्के ड्यूटी आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. पण राज्याचा कर वेगळाच, महाराष्ट्राने तर त्याच वर्षी देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचा वाढवला. तेव्हा फार नाचू नका.

असो. माझी या महिन्याची बाटली अजून अर्धी आहे. आज उघडणार नाही. उद्या मित्र येतोय. त्याच्यासाठी सोडा आणलाय.