हौदाची बाजू किती धरावी?

राजूर (ता. अकोले) येथून बारावी सायन्सच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे: रॅशनल फंक्शनचे स्टेशनरी आणि क्रिटिकल पॉइंट काढताना छेद शून्य करणारा बिंदू धरायचा की सोडायचा? आणि या गणिताचा गावात काय उपयोग?

दोन्ही उत्तरे एकाच हौदात सापडतात. समजा, मशिदीत वजूसाठी चौरस तळाचा, वरून उघडा हौद बांधायचा आहे. त्यात ४,००० लिटर, म्हणजे ४ घनमीटर पाणी मावले पाहिजे. खर्च चंद्यातून होणार, तेव्हा आतला गिलावा कमीत कमी लागावा. जमातीचा पैसा ही अमानत आहे.

तळाची बाजू क्ष मीटर धरली, तर खोली ४/क्ष² मीटर. तळ क्ष², चारही भिंती मिळून १६/क्ष. एकूण गिलावा क्ष² + १६/क्ष चौरस मीटर. क्ष छेदात आहे, म्हणून हे रॅशनल फंक्शन. बाजू १ मीटर घेतली तर गिलावा १७ चौरस मीटर, ४ मीटर घेतली तर २०.

आता डेरिव्हेटिव्ह काढू: २क्ष − १६/क्ष². तो शून्य मानला की क्ष³ = ८, म्हणून क्ष = २. त्याच्या आधी डेरिव्हेटिव्ह उणे, नंतर अधिक. म्हणजे गिलावा २ मीटरपर्यंत घटतो, मग वाढतो. बाजू २ मीटर, खोली १ मीटर, गिलावा १२ चौरस मीटर. हाच स्टेशनरी पॉइंट.

क्ष = ० असता डेरिव्हेटिव्ह मिळत नाही, म्हणून मुले तोही क्रिटिकल पॉइंट लिहून टाकतात. पण तिथे फंक्शनच नाही. तळच नसलेल्या हौदाला गिलावा कुठून येणार? क्रिटिकल पॉइंट तोच, जिथे फंक्शन आहे आणि डेरिव्हेटिव्ह शून्य आहे किंवा मिळत नाही. रॅशनल फंक्शनला छेद शून्य नसेल तिथे डेरिव्हेटिव्ह मिळतोच. म्हणून त्याचे क्रिटिकल पॉइंट म्हणजे स्टेशनरी पॉइंटच. क्ष च्या निरपेक्ष किमतीचे फंक्शन घेतले तर गोष्ट वेगळी. तिथे शून्यावर फंक्शन आहे, पण टोक आल्याने डेरिव्हेटिव्ह नाही. तो क्रिटिकल आहे, स्टेशनरी नाही. छेद शून्य करणारी किंमत मात्र चिन्हे तपासताना रेषेवर जरूर मांडावी, कारण तिच्या दोन बाजूंना चिन्ह बदलू शकते.

आणखी एक फायदा पाहा. स्टेशनरी पॉइंटजवळ आलेख जवळपास सपाट असतो. बाजू अडीच मीटर केली तर गिलावा १२.६५, म्हणजे फक्त ०.६५ चौरस मीटर जास्त. पण हौदाचा काठ ८ मीटरचा १० मीटर होतो आणि वजूला जास्त माणसे बसतात. खोलीही ६४ सेंटिमीटरवर येते. गणित कमीत कमी खर्च सांगते. सोय किती हवी, ते जमातीने ठरवावे.

बाराव्या शतकात शरफुद्दीन अल्-तूसी यांनी घन समीकरणाला उत्तर आहे की नाही, हे पाहण्यासाठी राशीची सर्वांत मोठी किंमत शोधली होती. न्यूटन आणि लाइब्निझ यांच्या कित्येक शतके आधीची ही गोष्ट.

घरी सोडवा: हौदाला वरून झाकण घातले आणि त्याचाही गिलावा धरला, तर बाजू आणि खोली यांचे नाते काय निघते? उत्तर पुढील अंकात, इन्शाअल्लाह.