मुंबईची खोली आणि गांवचें रान



गांवांत कोणताहि कागद आला, कीं तो आधीं मास्तरांकडे येतो. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या गांवच्या एका सुतार नानांनीं असाच एक रंगीत कागद माझ्यापुढें ठेविला. त्यावर सात मजल्यांची इमारत, इमारतीपुढें कारंजें, कारंज्यापाशीं एक गोरेंगोमटें मूल, आणि खालीं ठळक अक्षरांत मजकूर, कीं स्टेशनपासून पांच मिनिटांवर हक्काचें घर, फक्त २३ लाखांत. नानांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मुंबईंत लोअर परळ येथें एका काचेच्या इमारतींत लिफ्टची देखभाल करून तो महिना २४ हजार रुपये मिळवितो. त्या इमारतीच्या जागीं पूर्वीं गिरणी होती व त्याच गिरणींत नानांच्या वडिलांनीं तीस वर्षें साचे चालविले. आजोबा कामावर पायीं जात. नातू पांच सोबत्यांबरोबर दिव्याला एका खोलींत भाड्यानें राहतो.

नानांचा बेत असा होता, कीं कॅनॉलखालचें वीस गुंठे रान विकावें, त्याचे पांच लाख बिल्डरला द्यावे आणि राहिलेल्या अठरा लाखांचें बँकेचें कर्ज पोरानें वीस वर्षें फेडावें. बलुतें तर कधींच बंद झालें. नांगर लोखंडाचे झाले, दारें-खिडक्या कारखान्यांतून येऊं लागल्या. त्या घरांत खात्रीचें म्हणावें असें तें एवढें रानच उरलेलें आहे.

"रान गेलं तर जाऊ द्या, गुरुजी," नाना म्हणाले. "खोली न्हाई म्हून पोराचं लगीन हुईना. तीन ठिकाणनं पोरीवाले माघारी गेलं."

मी कांहीं अर्थशास्त्री नव्हे. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडून बावीस वर्षें मराठी शाळेंत त्रैराशिकें घालीत आलेला साधा मास्तर आहें. पण त्रैराशिकाला लाजण्याचें कारण नाहीं. अठरा लाखांना दरसाल दर शेंकडा ९ टक्के व्याज धरलें, तर महिन्याचा हप्ता सुमारें सोळा हजार दोनशें रुपये होतो. वीस वर्षांत बँकेस जातात सुमारें एकोणचाळीस लाख. पगार २४ हजार. उरलेल्या आठ हजारांत दोघांनीं खावें काय, नेसावें काय आणि म्हाताऱ्याला धाडावें काय? नानांना मी तें पाटीवर मांडून दाखविलें. ते बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले व म्हणाले, "तरी एकदां जागा बघून येऊं."

म्हणून नाताळच्या सुट्टींत आम्ही कराडहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनें निघालों, पहाटे कल्याणास उतरलों व तेथून उलट कर्जतच्या बाजूची लोकल धरून वांगणीस गेलों. बदलापूरच्याहि पुढचें हें गांव मुंबईपासून सुमारें ऐंशी किलोमीटरांवर आहे. पांच मिनिटांचें अंतर मोटारसायकलीचें निघालें. चालत आम्हांला अर्धा तास लागला. इमारत म्हणजे भातखाचरांत उभारलेले चार खांब. शेजारच्या खाचरांत कापलेल्या भाताचे सड अजून उभे होते. उल्हास नदी दूर नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं याच वांगणीजवळ आपली महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली होती व हजारावर प्रवासी नावांनीं बाहेर काढावे लागले होते. आपल्यापैकीं कित्येकांचीं माणसें त्या गाडींत होतीं. तें पाणी जेथें चढलें, त्याच पट्ट्यांत आज सात-सात मजले उठत आहेत, आणि तिकीट काढून तेथें पहिल्यानें राहावयास जाणार आहेत आपलीं पोरें.

आतां दुसरें त्रैराशिक. त्या खांबांपासून लोअर परळच्या कामापर्यंत चालणें, लोकल, दादरला गाडी बदलणें, पुन्हा चालणें असे मिळून जातांना दोन तास व येतांना दोन तास. महिन्याचे सव्वीस दिवस काम धरलें तर १०४ तास. वर्षाचे १२४८. त्याला चोविसांनीं भागा. बरोबर बावन्न अहोरात्र येतात, बाकी शून्य.

हा बावन्न आंकडा पाहून मला थोडें वाईट वाटलें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा भरविल्या, तेव्हां १० जून १८९० पासून कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. वर्षाचे रविवार बावन्न. लोखंड्यांनीं मालकाच्या हातून जे बावन्न दिवस सोडविले, तितकेच अहोरात्र त्याच कामगाराच्या नातवाकडून आज रेल्वेचा डबा घेतो, आणि त्या तासांचा पगार कोणीच देत नाहीं. तेहि बसून जावयास मिळालें तर! ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी गाडींतून खालीं पडले व किमान चार जण प्राणास मुकले. तीं माणसें हौसेनें दारांत उभीं नव्हतीं. आंत पाय ठेवावयास जागा नव्हती म्हणून उभीं होतीं.

कोणी म्हणेल, मुंबई महाग आहे याला कोण काय करणार? समुद्रानें तीन बाजूंनीं कोंडलेली जागा ती. जागा थोडी हें खरें. पण जी होती ती कोणाच्या वांट्यास गेली हेंहि पाहिलें पाहिजे. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला व अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांत होते. पुढें गिरण्या एकेक बंद पडल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणें गिरणीची जमीन विकासास काढली, तर तिचे ढोबळ मानानें तीन वांटे व्हावयाचे होते : एक मोकळ्या मैदानांना, एक सरकारी घरबांधणीस, एक मालकास. २००१ सालीं नियमांत असा फेर केला गेला, कीं हे वांटे सगळ्या जमिनीचे नव्हेत, तर तिच्यावरील रिकाम्या तुकड्याचेच करावे. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो फेर कायम ठेविला. एका शब्दाच्या हेरफेरानें केवढें रान हातचें जातें, हें सातबाऱ्यावर नांव चुकलेल्या शेतकऱ्याला निराळें सांगावयास नको. सावकार काय, तलाठ्याचा जुना कारकून काय आणि हा नियम काय, लेखणी तीच.

मग त्या कामगारांनीं जावें कोठें? घरांसाठीं दीड लाखांवर अर्ज पडून राहिले, तेव्हां २०२४ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं शेलू व वांगणी हीं ठिकाणें काढलीं. होय, तीच वांगणी. ९ जुलै २०२५ रोजीं म्हातारे कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले व आम्हांस मुंबईंतच घर द्या म्हणून त्यांनीं मागणी केली. आमच्या नानांच्या वडिलांचाहि एक अर्ज आहे. आजोबाला सरकार वांगणी दाखवितें आणि नातवाला दलाल वांगणी दाखवितो. दोघांनीं जिच्यावर घाम गाळला ती परळची जमीन मात्र दोघांपैकीं कोणालाच नाहीं.

त्या दलालाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बोलावयास फार गोड. नानांना त्यानें चहा पाजला, "बाबा, तुम्ही माझ्या वडिलांसारखे" म्हणाला, आणि पांचशें रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून पांच लाख रोख आजच द्या, नाहीं तर उद्यां भाव वाढेल, असें सांगितलें. कागदावर महारेराचा नोंदणी-नंबर छापलेला होता. मुलानें जागच्या जागीं मोबाइलवर तो घालून पाहिला. नंबर खरा होता, पण भलत्याच तालुक्यांतील भलत्याच इमारतीचा. दलाल हंसून म्हणाला, छापणाऱ्याची चूक. असेल बापडी! ज्योतिरावांनीं ज्यांना कलमकसाई म्हटलें, त्यांचा धंदा बंद पडलेला नाहीं. फक्त लेखणीच्या जागीं छापखाना आला आहे.

येथें वाचकांनीं दोन गोष्टी गांठीस बांधाव्या. बिल्डरला विक्रीचा करार नोंदविल्याशिवाय घराच्या किंमतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, असा २०१६ चा रेरा कायदा आहे. तेवीस लाखांचा दहावा हिस्सा दोन लाख तीस हजार. तो मागत होता पांच लाख. दुसरें, नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंद झाल्यावांचून घराची मालकी कोणाकडे जात नाहीं. ज्या जमिनीवर इमारत आहे तिचा सातबारा मागा, ती बिगरशेती झाली आहे काय तें पहा, आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय एक पैसा सोडूं नका. नालासोपाऱ्यास सांडपाणी-केंद्र व कचऱ्यासाठीं राखलेल्या जागेवर ४१ इमारती उठल्या होत्या. हायकोर्टाच्या हुकुमानें २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या व हजारों माणसें भांडीकुंडीं घेऊन रस्त्यावर आलीं. डोंबिवलीच्या बाजूस खोट्या परवान्यांवर रेराची नोंद मिळविलेल्या ६५ इमारती निघाल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून सतरा जण मेले. यांतल्या बहुतेकांनीं घर फुकट घेतलें नव्हतें. कोणी दागिना मोडला होता, कोणी रान.

आणि ज्या भातखाचरांत हे खांब उभे राहतात, तीं खाचरेंहि कोणा आपल्यासारख्याचींच. नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडकोनें १९७० नंतर ठाणें-कुलाब्याकडील पंचाण्णव गांवांची जमीन घेतली. भाव योग्य मिळेना म्हणून दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालीं आगरी-कोळी शेतकरी उठले आणि जानेवारी १९८४ मध्यें उरणच्या बाजूस गोळीबारांत पांच शेतकरी ठार झाले. साताऱ्याचा शेतकरी रान विकून रायगडच्या शेतकऱ्याच्या विकलेल्या रानांत खोली घेतो. मधल्या मध्यें ज्याचें पोट वाढतें त्याच्या पायाला चिखल लागलेला कोणी पाहिला नाहीं.

आतां थोडें आपल्याच घराकडे पाहूं. मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, "मुंबईंत खोली आहे काय?" मुलगा कसा आहे, व्यसन आहे काय, हें मागाहून. त्या बापानें एकदां पहाटेची लोकल पाहावी. आम्ही जातांना शेजारच्या बायकांच्या डब्यांत उभ्या जागीं भाजी निवडणाऱ्या बाया पाहिल्या. घरीं पोंचल्यावर निवडावयास वेळ उरत नाहीं, म्हणून वाटेंत निवडतात. पहाटे चारला पाण्यासाठीं उठणारी ती मुलगी आपण हौसेनें 'खोलींत' दिलेली असते. खोली कागदावर असली, कीं बापाचें समाधान. ती कोठें आहे व तिच्यांत मुलगी जागेपणीं किती तास राहणार, हें विचारण्याची चाल आपल्यांत अजून पडलेली नाहीं.

माझें मत स्पष्ट आहे. गरिबाला आधीं घराची मालकी नको, कामाजवळ सुरक्षित व स्वस्त भाड्याची जागा हवी. भाडें म्हणजे पाण्यांत गेलेला पैसा असें जे म्हणतात, त्यांनीं वर मांडलेलें व्याज पहावें. वीस वर्षांत एकवीस लाख व्याजांत जातात, तेहि पाणीच. गिरणगांवांत आपल्या वाडवडिलांनीं गांवकीच्या खोल्या ठेविल्या होत्या. एक पाळी कामावर गेली, कीं दुसरी पाळी तिच्या अंथरुणावर निजे. वर्गणी दरमहा, हिशेबाची वही एकाकडे, आणि नवा पोरगा गांवाहून आला तर त्याला पहिल्या रात्रीं ताट आणि चटई ठरलेली. दाटी होती, नाहीं असें नाहीं. पण कोणाचें रान विकलें गेलें नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरास वसतिगृहें उभारविलीं, म्हणून खेड्यांतलीं पोरें शहरांत टिकलीं व शिकलीं. त्यांना कोणी सांगितलें नाहीं, कीं आधीं कोल्हापुरांत वाडा विकत घ्या. शिकणाऱ्या पोराला जें सुचलें, तें कमावणाऱ्या पोराला कां सुचूं नये? सरकारच्या, रेल्वेच्या, महापालिकेच्या ताब्यांतील जमिनी मुंबईंत आजहि आहेत. सरकारला वाटलें तर काय होतें, हें वरळीच्या बी. डी. डी. चाळींनीं दाखविलें आहे. १९२० च्या सुमाराच्या त्या एकशें साठ फुटी खोल्यांतल्या कांहीं रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्यें पांचशें फुटांचीं घरें मिळालीं. चांगलें झालें. पण तीं जुन्या रहिवाशांना मिळालीं. काल गाडींतून उतरलेल्या पोराचा हिशेब त्यांत कोठेंच नाहीं.

नानांनीं रान विकलें नाहीं. पण त्या दिवशीं परत येतांना कल्याणच्या फलाटावर त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, रान ऱ्हायलं, बरं झालं. पर पोरगं ऱ्हाणार कुठं?" याला माझ्यापाशीं पुरतें उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. मुलगा दिव्यालाच आहे. पांचांचे आतां सहा सोबती झाले आहेत.

चैत्रांत यात्रेला मुंबईकर मंडळी गांवीं येतील, तेव्हां मंडळाच्या नांवानें ठाणें-कळव्याच्या आंत दोन खोल्या भाड्यानें घ्याव्या, वर्गणी घरटी लावावी व हिशेब दर महिन्यास देवळांत वाचून दाखवावा, हा विषय काढावयाचें ठरलें आहे. नानांनीं पहिले पांचशें रुपये माझ्याकडे आणून दिले. पावतीपुस्तक अजून छापावयाचें आहे, म्हणून मीं तूर्त वहीच्या कागदावर सही करून दिली.

— एक खेडेगांवचा मास्तर