पैसा तिचा, चावी कोणाच्या हाती?

घरात कोणी दिव्यांग असेल तर त्या व्यक्तीच्या नावाने येणारे पैसे कोण काढते, हे आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. ज्याला सवड असते, ज्याच्याकडे मोटारसायकल असते, ज्याला मोबाइलवर फॉर्म भरता येतो, त्याच्याकडे ते काम आपोआप जाते. पासबुक त्याच्या कपाटात, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि बँकेचे मेसेजही त्याच्याच मोबाइलवर. यात बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो. पण ‘या महिन्यात किती आले, कुठे गेले?’ असे त्या बहिणीला विचारले तर ती उत्तरासाठी भावाच्या तोंडाकडे बघते. पैसा तिचा आणि हिशेब दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे.

तरुण वाचकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण साधे आहे. हे काम आता घराघरांत तुमच्या पिढीकडे आले आहे. यूडीआयडी कार्डाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, खात्याला आधार जोडणे, दरवर्षी हयातीचा दाखला देणे, ही धावपळ अम्मी-अब्बूंना जमत नाही, म्हणून ती कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींवर पडते. कागदावर कसलीही नेमणूक नसताना तुम्ही कोणाच्या तरी पैशाचे कारभारी होता. तेव्हा ही जबाबदारी कोणाला द्यावी, कोणत्या अटींवर द्यावी आणि गरज पडली तर परत कशी घ्यावी, याचा विचार तुम्हीच करायला हवा.

रक्कम लहान आहे म्हणून प्रश्न लहान होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांगांची नोंद झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत त्यांना महिन्याला १५०० रुपये मिळत असत. दिव्यांगांसाठी ही रक्कम २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महानगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. शिवाय रमजानमध्ये येणारी जकात आहे आणि वडिलांच्या मागे वाट्याला येणारी वारसाची मिळकत आहे. हे सगळे एकत्र धरले तर हा एका माणसाच्या जगण्याचा आधार आहे.

ऑस्ट्रेलियात या कामाला सरळ एक नाव आहे. तिथे २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय दिव्यांगता विमा योजना सुरू झाली. मंजूर झालेला निधी कसा सांभाळायचा याचे तीन मार्ग तिथल्या लाभार्थीपुढे असतात: स्वतः सांभाळणे, सरकारी यंत्रणेकडे ठेवणे, किंवा नोंदणीकृत ‘प्लॅन मॅनेजर’ निवडणे. प्लॅन मॅनेजर सेवा देणाऱ्यांची बिले चुकती करतो, खर्चाची नोंद ठेवतो आणि लाभार्थीला नियमित हिशेब देतो. त्याच्या मोबदल्याची तरतूद योजनेत वेगळी केलेली असते. थेरपीच्या किंवा मदतनिसाच्या पैशातून तो कापला जात नाही. काम पटले नाही तर लाभार्थी दुसरा प्लॅन मॅनेजर निवडू शकतो. त्या व्यवस्थेतही तक्रारी आहेत आणि गैरव्यवहारही झाले आहेत. पण एक गोष्ट तिथे गृहीत धरलेली आहे: पैसे सांभाळणारा हा निवडलेला माणूस असतो, आणि जो निवडला जातो तो बदलताही येतो.

आपल्याकडे असा पगारी कारभारी नाही, पण तत्त्व मात्र आपल्या कायद्यातही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे १३वे कलम सांगते की मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा हक्क दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने आहे. मदत करणाऱ्याने दबाव आणू नये, त्या व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा, असेही त्यात म्हटले आहे. मदतीची व्यवस्था बदलण्याचा, मोडण्याचा आणि दुसऱ्याची मदत घेण्याचा अधिकार त्या व्यक्तीलाच दिलेला आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा की कारभारी हवाच आहे का? चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या भावाला रॅम्प हवा असतो, त्याच्या खात्याला राखणदार लागत नाही. ऐकू न येणाऱ्या बहिणीला सांकेतिक भाषा येणारे कोणी सोबत असले की बँकेचे काम होते. अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर यांसारख्या सोयी भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवले आहे. काउंटरवरचा माणूस ‘घरच्या कोणाला तरी घेऊन या’ म्हणाला तर मुकाट्याने परत येऊ नका. शाखाधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा.

मदत लागणारच असेल तर माणूस कसा निवडावा? नात्यात जवळचा कोण, हे नंतर पाहा. आधी तिला कोणाची भीती वाटत नाही, हे पाहा. तिचे बोलणे, तिच्या खुणा कोणाला समजतात? ‘मला हे नको’ असे ती कोणाला सांगू शकते? जो स्वतः कर्जात बुडालेला आहे त्याच्या हाती दुसऱ्याचे खाते देणे दोघांवरही अन्याय आहे. अर्ज मंजूर करून देतो म्हणत पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवून घेणारा दलाल तर दारातूनच परत पाठवावा. ही निवड तिला विचारून व्हावी. बोलता येत नसेल तरी आवड-नावड दाखवता येते. घरच्यांना ती ओळखता येते.

माणूस ठरला की अटी ठरवा. खाते तिच्या नावावर आणि मेसेज शक्यतो तिच्या मोबाइलवर. ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढले तर दर वेळी पावती घ्यायची आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचे. एक साधी वही ठेवायची: तारीख, आलेली रक्कम, खर्च, शिल्लक. महिन्याच्या शेवटी ती वही तिच्यासमोर वाचायची, घरातल्या आणखी एकाने ऐकायची. काही रक्कम तिच्या हातात रोख द्यायची, आणि तिने त्यातून टिकल्या-बांगड्या घेतल्या की बिर्याणी खाल्ली, याचा जाब मागायचा नाही. वर्षातून एकदा तिला विचारायचे, ‘हीच व्यवस्था ठेवायची की बदलायची?’

सर्वांत नाजूक गोष्ट वारशाची आहे. अपंगत्वामुळे इस्लामी वारसाहक्कात कोणाचाही हिस्सा कमी होत नाही. तरी अनेक घरांत दिव्यांग बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो, आणि कारण दिले जाते: ‘तिला आम्हीच सांभाळणार आहोत ना!’ ज्या भावाच्या नावावर तो हिस्सा जाणार, तोच त्या दिवशी तिचा सल्लागार असतो. १३व्या कलमानुसार एखाद्या व्यवहारात मदतनिसाचे हित दिव्यांग व्यक्तीच्या हिताशी टकरावत असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हायचे असते. केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून कायदा कोणावर संशय घेत नाही. पण जिथे फायदा उघड आहे तिथे सल्ला दुसऱ्याने द्यावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. प्रेमाने सांभाळणाऱ्या भावाला ही अट जड वाटू नये.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक लागत असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीत असतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात अल्पवयीन मुलाच्या मालमत्तेचे पालकत्व बाप आणि आजोबांकडे जाते, आईला ते आपोआप मिळत नाही. पण या कायद्याखाली आईही अर्ज करू शकते. अठरा वर्षे मुलाला उचलून फिरवणाऱ्या विधवा आईला चुलत्याच्या सहीची वाट पाहायची गरज नाही, हे तिला तुम्ही सांगायला हवे. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. दुर्लक्ष किंवा अफरातफर झाली तर त्याला काढताही येते.

काही घरांत हिशेब मागणे म्हणजे अविश्वास समजतात. ‘आपल्याच माणसाला पावती मागायची?’ असे म्हणणाऱ्यांना अमानत हा शब्द आठवून द्यावा. सूरह निसाच्या सहाव्या आयतीचा विषय यतीमांची मालमत्ता हा आहे, आणि तिथे ती परत सोपवताना साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. सांभाळणारा सधन असेल तर त्याने त्यातून काही घेऊ नये, गरीब असेल तर वाजवी तेवढेच घ्यावे, हेही तिथेच आहे. ज्याच्या मनात खोट नाही, त्याला साक्षीदाराची अडचण कशाला वाटावी?

मोहल्ल्यात यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. दोन-तीन शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एक दिवस बसावे, पासबुके वाचून दाखवावीत, अर्ज भरून द्यावेत, तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत सोबत जावे. जमातीने जकात देताना दिव्यांग माणसाच्या हातात किंवा त्याच्या खात्यात द्यावी, ‘घरच्यांकडे दिली’ म्हणून मोकळे होऊ नये. त्या बैठकीत एखादी दिव्यांग व्यक्ती स्वतः असावी. तिला विचारल्याशिवाय तिच्यासाठी काही ठरवू नये.

आणि तुमच्या पाकिटात आज दुसऱ्या कोणाचे एटीएम कार्ड असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. पासबुक भरून आणा, त्या व्यक्तीच्या शेजारी बसा आणि एकेक ओळ वाचून दाखवा. मग विचारा, ‘हे काम मीच करू का?’ जे उत्तर येईल ते मान्य करा.